चार बोटं समुद्र

मित्रांनो, मी भिंतीवरचा एक जुना नकाशा आहे. जगाचा नकाशा. पण बरीच वर्षं मी पूर्ण जगाचा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून तुम्हीच म्हणाल, बेट्यानं लपवून ठेवलं. माझ्या पोटातून चार बोटं समुद्र कापलेला होता. तो कुणी कापला, का कापला, आणि त्यापायी एका बहिणीनं आपल्या सख्ख्या भावाशी बारा वर्षं अबोला कसा धरला, तेच मला आज सांगायचं आहे. मी मुद्दाम काही खोटं बोललो नाही. पण माझ्या तोंडून खोटं गेलं, एवढं खरं.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. एकेक रंग वेगळा छापायचा, म्हणून मी सहा वेळा यंत्राखालून गेलो. आधी निळा, मग पिवळा, गुलाबी, हिरवा, जांभळा, आणि सगळ्यात शेवटी काळी शाई. यंत्रावर एक म्हातारा कामगार होता. तो प्रत्येक कागद उजेडात धरून बघायचा आणि रंग रेघेबाहेर गेलेला दिसला की चुकचुकायचा. "केसभर रंग सरकला, तर आख्खं गाव शेजारच्या देशात जातं," असं तो पुटपुटायचा. माझा रंग कुठंच सरकला नव्हता. त्यानं माझ्या पाठीला पातळ कापड चिकटवलं आणि मला गुंडाळून ठेवलं. तेव्हा मला स्वतःचा इतका गर्व होता की विचारू नका. आख्खं जग पोटात घेऊन फिरणारा मी! गर्वाचं घर खाली असतं, हे मला पुढं कळलं.

मला विकत घेतलं ते मालकानं. मालक म्हणजे बंदरावरून वर येणाऱ्या चढावर जे नऊ खोल्यांचं विश्रामगृह आहे, त्याचा मालक. माणूस लाखात एक, पण कामाचा कंटाळा भारी, आणि हातात कात्री आली की शहाणपण बाजूला. बोटीवरून देशोदेशीचे लोक मुक्कामाला येतात, तेव्हा भिंतीवर जगाचा नकाशा असावा, अशी त्याची हौस. जेवणघरात खिडकी आणि कपबश्यांचं कपाट यांच्या मधली जागा ठरली. मला धरून पाहिलं, तर मी चार बोटं जास्त.

मदतीला सुतार आला होता. तो म्हणाला, "कपाट सरकवू की चार बोटं. मी लावतो हात."

"छे! साठ कपबश्या आहेत त्यात. कोण काढणार आणि कोण लावणार? नकाशाच कापू."

"मग कडेनं काप."

"कडेला देश आहेत रे बाबा! उद्या त्यातलाच कुणी इथं उतरला तर कुठल्या तोंडानं चहा देऊ त्याला?" मालकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याची नजर माझ्या मधल्या महासागरावर गेली. "हे बघ. इथं तर नुसतं पाणीच आहे. पाण्यात कोण राहतंय?"

आणि चालली कात्री, उभी, वरपासून खालपर्यंत. मला दुखलं की नाही, ते विचारायला कुणाला वेळ होता! सुतारानं नाक मुरडलं, पण काम सफाईनं केलं. आडव्या रेघांना रेघा जुळवल्या, खळ लावली, चारी बाजूंनी खिळे ठोकले. महासागराच्या नावातली मधली अक्षरं गेली. पण समुद्राचं नाव वाचतो कोण? मालकीणबाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. चार दिवसांनी परत आल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वा! अगदी मापात बसला हो." मालक खाकरला आणि चहा टाकायला आत गेला.

अशी माझी नोकरी सुरू झाली. आणि मित्रांनो, काय काय माणसं पाहिली म्हणून सांगू! घरातल्या सगळ्यांचा मिळून फोटो असला की प्रत्येक जण आधी स्वतःचा चेहरा शोधतो ना? तसंच माझ्यापुढं आलेला प्रत्येक माणूस आधी आपला देश शोधायचा. सापडला की म्हणायचा, "एवढासाच दाखवलाय!" मग दुसरं बोट आमच्या गावावर ठेवायचा, कारण आपण कुठं आलो ते कळायला हवं. इतक्या बोटांनी आमचं गाव चेपलं की शेवटी ते झिजून पांढरं झालं. त्यामुळं माझ्यावर सगळं जग आहे, फक्त मी राहतो ते गाव नाही.

लोकांचं अज्ञान बघून मी सुरुवातीला मनातल्या मनात फार हसायचो. एक सायकलवाला इथून दक्षिणेकडं निघाला होता. माझ्यावर वरून खाली बोट फिरवून म्हणाला, "खालीच जायचंय, म्हणजे उतारच लागणार." तीन दिवसांनी तो बसमधून परत आला, सायकल टपावर. एका बाईंनी माशीनं केलेल्या ठिपक्याला बेट समजून त्याचं नाव काय म्हणून विचारलं होतं. आणि एका गृहस्थानं ताईंना विचारलं, "तुमच्या शेजारच्या देशात माझा एक मित्र असतो. उंच, चष्मेवाला. ओळखता का?"

"ओळखते की," ताई म्हणाल्या. "आत्ताच चहा पिऊन गेला. चुकामूक झाली बघा तुमची."

ताई म्हणजे मालकीणबाई. धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून हळूहळू बंदरावरचं सगळं जगच त्यांना ताई म्हणायला लागलं.

पण जवळ आणि लांब, हा प्रश्न निघाला की मीसुद्धा हसायचा थांबायचो. कारण त्याचं उत्तर मला येत नव्हतं. एकदा एकाच टेबलावर दोघं जेवायला बसले होते. एक माझ्यावरच्या त्या अवाढव्य पिवळ्या देशातला ट्रकचालक, आणि दुसऱ्या, नखाएवढ्या हिरव्या देशातल्या निवृत्त शिक्षिका. ट्रकवाला सांगत होता, "मेहुणा जवळच राहतो माझा. सोळा तास. संध्याकाळी निघालं की जेवायला पोचतो. दुसऱ्या दिवशी म्हणा."

शिक्षिकाबाईंचा घास हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी मी फार लांब दिली हो. वर्षातून दोनदाच भेट होते. सव्वा तास लागतो."

"सव्वा तास चालत?"

"नाही, गाडीनं!"

ट्रकवाल्याला ठसका लागला. तो म्हणाला, सव्वा तासात आम्ही अंगणाच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही. बाई रागावल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडं सव्वा तासात दोन नद्या, तीन गावं आणि बोलण्याचे दोन ढंग बदलतात, ते काय जवळ झालं? मला वाटलं, आता हे दोघं मलाच मध्ये घेणार. तेवढ्यात कोपऱ्यातला मधमाश्या पाळणारा बोलला. तो गुलाबी, डोंगराळ देशातला. "माझ्या दारात उभा राहून हाक मारली," तो म्हणाला, "की बहिणीला तिच्या दारात ऐकू येते. मध्ये दरी आहे. तिच्याकडं जेवायला जायचं तर दीड दिवस लागतो. आता सांगा, जवळ की लांब?"

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? माझ्यावर तर दरी म्हणजे एक पुसट रेघ.

आता ताईंच्या भावाची गोष्ट. त्याला घरात धाकटा म्हणायचे. धाकटा इथंच राहायचा, बंदरावर बोटींची यंत्रं दुरुस्त करायचा. आईसुद्धा इथंच, मागच्या खोलीत. वीस वर्षांपूर्वी धाकट्याला महासागरापलीकडच्या जांभळ्या देशात काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी ताईंनी त्याला माझ्यापुढं उभं केलं.

ताईंचं मोजमाप सरळ होतं. त्यांचं सासर इथून रात्रभराच्या गाडीवर, आणि माझ्यावर ते अंतर बरोबर एक बोट. म्हणून एक बोट म्हणजे एक रात्र. त्यांनी आमच्या झिजलेल्या गावापासून बोटाला बोट लावत समुद्र ओलांडला. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच बोटं. पाच रात्री."

"ताई, मध्ये समुद्र आहे."

"समुद्र असो नाहीतर जमीन असो. बोट म्हणजे बोट. आईला काही झालं तर पाच दिवसांत इथं हजर व्हायचं. वचन दे."

धाकटा हसला आणि त्यानं वचन दिलं. मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. नऊ, नऊ! पाच नाही, नऊ! पण नकाशाला तोंड असतं तर त्याला एवढी नावं छापून कशाला घ्यावी लागली असती?

त्यानंतर आठ वर्षांनी आई आजारी पडल्या. डॉक्टर म्हणाले, फार तर आठ-दहा दिवस. ताईंनी लगेच फोन केला. फोन माझ्या शेजारीच आहे, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं. "निघतो," धाकटा म्हणाला. ताई रोज सकाळी माझ्यापुढं यायच्या आणि एक बोट पुढं सरकवायच्या. "आता इथं आला असेल. आता इथं." आई मागच्या खोलीतून विचारायच्या, "आला का गं?" ताई म्हणायच्या, "उद्या येतोय." पाचवा दिवस उजाडला. ताईंचं बोट आमच्या गावावर येऊन थांबलं. धाकटा आला नाही. सहावा गेला, सातवा गेला. नवव्या दिवशी आई गेल्या, आणि शेवटपर्यंत त्यांची नजर दाराकडं होती.

पुढं चार दिवसांनी धाकट्याचा फोन आला. "ताई, अगं मी—" एवढंच तो बोलला. "पाच दिवस होते तुला," ताई म्हणाल्या, "आणि आई नऊ दिवस थांबली होती." त्यांनी फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी जेवणघर रिकामं असताना मालक माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या जोडावरून अंगठा फिरवला, वरून खाली. त्याला आठवलं होतं. त्यानं ताईंच्या खोलीकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि तसंच मिटून निघून गेला. मला त्याचा फार राग आला. तसा थोडा आजही आहे.

त्यानंतर बारा वर्षं असंच चाललं. धाकटा दर दोन-तीन महिन्यांनी फोन करायचा. ताई इथंच, फोनपासून दोन हातांवर भाजी निवडत बसलेल्या असायच्या, आणि मालकाला खूण करायच्या. मालक म्हणायचा, "ती ना? ती बाजारात गेलीय." बारा वर्षं ताई बाजारातच होत्या! पण फोन चालू असेपर्यंत त्यांच्या हातातली भाजी तशीच राहायची, हेही मी बघत होतो. जांभळ्या देशातली माणसं अंतराला भीत नाहीत. धाकटाही तिकडं राहून तसाच झाला. एकदा तो मालकाला सांगत होता, मित्राच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलो, जवळच होतं, नऊ तास गाडी चालवली. फोन ठेवल्यावर ताईंचा नुसता भडका उडाला. "मित्रासाठी नऊ तास जवळ! आणि आई लांब! पाच बोटं जड झाली त्याला!" असं म्हणून त्यांनी माझ्यावर इतक्या जोरात बोट आपटलं की माझा एक खिळा सुटला.

त्या मला मोजत होत्या, आणि मी दर वेळी पाचच सांगत होतो. या विश्रामगृहात माझ्याइतकी खात्रीनं चूक माहिती देणारा दुसरा कुणी नसेल.

गेल्या महिन्यात बंदरात एक मालवाहू जहाज दुरुस्तीला लागलं. त्यावरचा स्वयंपाकी चार दिवस आमच्याकडं उतरला. गोल, गप्पिष्ट माणूस. दुसऱ्यांच्या हातचं खायला मिळतंय म्हणून खूश होता. दुपारी जेवण झाल्यावर तो दात कोरत माझ्यापुढं आला आणि बोटानं आपल्या जहाजाचे रस्ते काढायला लागला. एकदा काढला, दोनदा काढला, मग डोकं खाजवलं.

"ताई, तुमच्या या नकाशात माझे पाच दिवस कुठं गेले?"

"कसले पाच दिवस?" ताई बश्या पुसत होत्या.

"हे बघा. हे वरचं आखात. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं. आमच्या जहाजाला लागतात अडीच दिवस. बरोबर. म्हणजे एका बोटाला सव्वा दिवस. आता हा महासागर. इथून त्या जांभळ्या बंदरापर्यंत पाच बोटं. म्हणजे सहा, सव्वासहा दिवस. पण आम्हाला लागतात अकरा!"

"तुमचं जहाज हळू चालत असेल."

"जहाज तेच, ताई. सोळा वर्षं मी त्या पाण्यातून ये-जा करतोय. मी कांदे दिवसांवर मोजून भरतो, या पाण्यासाठी अकरा दिवसांचे. तुमच्या नकाशावर विसंबून सहा दिवसांचे भरले असते, तर खलाशांनी मलाच पाण्यात टाकलं असतं. आणि बेट कुठाय? सहाव्या दिवशी एक बेट दिसतं, दिव्याचा मनोरा आहे त्यावर. तेच गायब!"

"नकाशा खोटा कसा असेल?" ताई म्हणाल्या. "छापलेला आहे तो." त्या माझी बाजू घेत होत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाक्यानं डोळे बारीक केले, जवळ आला आणि माझ्या पोटावरून नख ओढलं. नख जोडाला अडलं. "अहो, हा तर जोडलेला आहे!"

ताईंनी फडकं खाली ठेवलं. स्वतः येऊन त्याच जागी नख ओढलं. मग मागं न वळता म्हणाल्या, "अहो."

मालक दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो चमच्यांच्या खणाकडं गेला, चमचे मूठमूठ करून बाहेर काढले आणि खणाच्या तळाला अंथरलेला कागद उचलला. माझी पट्टी! वीस-बावीस वर्षं ती चमच्यांखाली होती. तेलाचे डाग पडले होते, पण रंग अजून निळा. आणि मधोमध एक बारकंसं बेट.

"कपाट सरकवायचा कंटाळा केला मी," मालक म्हणाला. "पुढं विसरूनही गेलो होतो. आई गेल्या तेव्हा आठवलं. पण तू इतकी चिडली होतीस, म्हटलं उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग सांगायची लाज वाटायला लागली."

"बारा वर्षं तुम्ही मला या भिंतीवर बोटं मोजताना बघत होतात."

"हो."

स्वयंपाकी हळूच दात कोरायची काडी खिशात टाकून बाहेर सटकला. मला वाटलं, आता ताई घर डोक्यावर घेणार. पण त्यांचा आवाज चढला नाही. "कपाट सरकवा," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता."

साठ कपबश्या खाली आल्या. दोघांनी मिळून कपाट ढकललं. वीस मिनिटंही लागली नाहीत, मित्रांनो. तेवढ्या वीस मिनिटांच्या कंटाळ्यानं ही बारा वर्षं खाल्ली होती. मग ताईंनी माझे खिळे काढले, ओल्या फडक्यानं जोड भिजवून अलगद सोडवला, पट्टी मध्ये बसवली, आणि कणकेची खळ करून मला पुन्हा एक केलं. पट्टीवर तेलाचे डाग, माझा रंग उडालेला, त्यामुळं दिसायला मी ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. पण मी पूर्ण झालो. ताईंनी पुन्हा मोजलं. पाच झाली तरी समुद्र संपला नाही. सहा. सात. आठ. नऊ.

मग त्यांनी फोन उचलला. नंबर त्यांना पाठ होता! बारा वर्षांत एकदाही न फिरवलेला नंबर.

धाकटा लांबचा फोन म्हणून नेहमी ओरडूनच बोलतो, त्यामुळं मला त्याचंही ऐकू आलं. "हॅलो! काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी बोलतेय."

 धाकटा एकदम हळू आवाजात म्हणाला, "ताई?"

"इथं यायला किती दिवस लागतात रे?"

"सगळं नीट जमलं तर तीन. तीन विमानं. मधल्या बेटावर बदलावं लागतं. तिथं धुकं असलं तर मग काही खरं नाही. मागं अडकलोच होतो ना मी तिथं."

"कधी?"

"आईच्या वेळी, ताई."

 धाकटा सांगत होता. रजा आणि तिकीट मिळेपर्यंत चार दिवस गेले. निघाला, बेटावर पोचला, आणि धुकं. तीन दिवस रोज सामान उचलून जायचा आणि रोज परत यायचा. चौथ्या दिवशी त्यानं तिथून घरी फोन लावला. कुणा पाहुण्यानं उचलला, म्हणाला, घरात कुणी नाही, म्हातारीबाई गेल्या, सगळे तिकडंच गेलेत. मला तो फोन आठवला. हो, आला होता खरा! कुणाचा ते मला कळलं नव्हतं. "मग पुढं येऊन मी काय करणार होतो, ताई? तसाच परत फिरलो."

"अरे, मग सांगायचंस ना मला!"

"तू फोन ठेवलास."

ताई रडायला लागल्या. अगदी मोकळेपणानं, पदरात तोंड घालून, मालकासमोर आणि परत आलेल्या स्वयंपाक्यासमोर. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मी येते."

"अगं, लांब आहे खूप."

"माहीत आहे मला. मोजलंय मी."

मित्रांनो, आता माझं म्हातारपण आलं. कडा विरल्या आहेत, जोडांवर भेगा पडल्या आहेत. तुमच्याही वर्गात, घरात, माळ्यावर एखादा नकाशा असेल. त्याला पाण्यात भिजू देऊ नका, त्यावर डबे ठेवू नका, आणि हात जोडून सांगतो, जागा पुरली नाही तर कपाट सरकवा. नकाशात रिकामं असं काही नसतं. जिथं तुम्हाला नुसतं पाणी दिसतं, तिथं कुणीतरी अडकलेलं असतं. आणि माझ्यासारख्यावर फार भरवसाही ठेवू नका. सोळा तास कुणाला जवळ आणि सव्वा तास कुणाला लांब का, हे माझ्यावर कुठंच छापलेलं नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं. कुणी म्हणालं, "लांब आहे रे," तर बोटं मोजत बसू नका. विचारा, किती लांब? आणि त्याचं सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका.

एवढं बोलून मी थांबणार होतो. पण आत्ता फोन वाजला. ताई परवा निघाल्या आहेत. आयुष्यात रात्रभराच्या गाडीपलीकडं कधी न गेलेल्या ताई, एक पिशवी आणि एक ट्रंक घेऊन. मालकानं धावत येऊन फोन घेतला. ताईही आता ओरडूनच बोलतात.

"मी बेटावर पोचले! धुकं नाहीये. पुढचं विमान चार तासांनी."

"मग बस निवांत. खाऊन घे काहीतरी."

"बसलेय. अहो, इथं काही नाहीच. एक खोली, एक बाक, आणि काचेबाहेर नुसतं पाणी. कुणाशी बोलावं तर माणूस नाही."   पुढचं मात्र त्या ओरडून बोलल्या नाहीत. "मला चार तास काढवत नाहीत हो इथं. तो तीन दिवस होता."